जुना झेडएक्स स्पेक्ट्रम पुन्हा रोजच्या वापरात: आधी वीज, मग चित्र, शेवटी कार्ड

माळ्यावरून स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक खाली आला की बहुतेक जण त्याच खोक्यातला अडॅप्टर काढतात आणि थेट प्लगला लावतात. तेवढं सोडून बाकी काहीही आधी करा. चाळीस वर्षांपूर्वीचं हे मशीन अजून चालू असण्याची शक्यता बरीच आहे, पण चुकीच्या विजेने ते एका क्षणात जाऊ शकतं. मग मेमरीच्या आठ चिपांपैकी कोणती गेली हे शोधत बसावं लागतं.

हे मार्गदर्शन सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणलेल्या ४८के (म्हणजे ४८ केबी मेमरीच्या) स्पेक्ट्रमसाठी आणि १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लससाठी आहे. दोघांचा आतला बोर्ड जवळपास सारखाच, फरक मुख्यतः कीबोर्डाचा. प्लसला कठीण प्लास्टिकच्या कळा आणि बाजूला रीसेटचं बटण. आपल्याकडे १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला, त्यामुळे भारतातल्या घरांत प्लसच्या रूपातलं मशीन सापडण्याची शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या नातेवाइकाने त्या काळी रबरी कळांचा मूळ स्पेक्ट्रम आणून दिला असेल, तर तोही इथल्या पायऱ्यांत बसतो.

सुरुवातीलाच माझी एक अट सांगतो. केसला भोक पाडायचं नाही, बोर्डावरची मूळ रेघ कापायची नाही आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत नाव लिहून ठेवायचा. उद्या कुणाला मशीन मूळ स्थितीत न्यावंसं वाटलं, तर तासाभरात नेता यायला हवं. एचडीएमआयच्या सॉकेटसाठी केस कापलेले स्पेक्ट्रम पाहिले की मला वाईट वाटतं, कारण तेच काम बाहेरून, एका तारेने होतं.

हाताशी काय हवं

मल्टिमीटर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, हाताने दाबायचा डीसोल्डरिंग पंप, डीसोल्डरिंगची तांब्याची वेणी, ६०/४० चं बारीक सोल्डर, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. स्पेक्ट्रमसाठी खास बनवलेले भाग मात्र तिथे विचारत फिरू नका. नवं मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ प्लास्टिकचा थर, जो कळ दाबल्याचं ओळखतो), एसडी कार्डाचं इंटरफेस, मेमरीचं मॉड्यूल या वस्तू युरोपातल्या छोट्या विक्रेत्यांकडून मागवाव्या लागतात. त्यावर आयात शुल्क लागतं, तेव्हा एकाच पार्सलात सगळं बोलवा.

आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. या बोर्डांवरच्या तांब्याच्या रेघा फार लवकर उचलल्या जातात. एका जोडावर आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवावं लागत असेल तर थांबा, थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. जुनं सोल्डर नव्याबरोबर मिसळलं की पटकन वितळतं.

उघडताना

रबरी कळांच्या मशीनला खालून पाच स्क्रू आहेत. प्लसचेही सगळे स्क्रू खालूनच निघतात. स्क्रू काढले म्हणून वरचा भाग झटक्याने उचलू नका. तो कीबोर्डाच्या दोन पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बोर्डाला जोडलेला असतो, एक पाच रेघांची आणि दुसरी आठ रेघांची. चाळीस कळांची जाळी याच पाच आणि आठ रेघांतून वाचली जाते. पट्ट्या बोटांनी कनेक्टरजवळ धरून सरळ वर ओढा. वाकवू नका, घडी पडू देऊ नका.

इतक्या वर्षांनी या पट्ट्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात, आणि एखादी तुटली तर ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. तुटलेलं टोक कापून उरलेली पट्टी आत ढकलण्याची युक्ती बरेच जण करतात. ती चालतेही, पण दर वेळी मशीन उघडताना पट्टी आखूड होत जाते. मेम्ब्रेन आजही नव्याने तयार होतात, ते घ्या. रबरी मॉडेलमध्ये मेम्ब्रेन बदलायला वरचा काळा धातूचा पत्रा काढावा लागतो. तो दुहेरी चिकटपट्टीने बसवलेला असतो. हेअर ड्रायरने एका कोपऱ्याला ऊब द्या आणि प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत हळूहळू सोडवा. लोखंडी पट्टी किंवा सुरी वापरली की पत्रा वाकतो, आणि वाकलेला पत्रा पुन्हा कधीच सपाट बसत नाही.

आत बोर्डावर ‘इश्यू’ क्रमांक, म्हणजे बोर्डाची आवृत्ती, छापलेला असतो. तो वाचा आणि लिहून ठेवा, कारण सुट्या भागांची जागा इश्यूप्रमाणे थोडी बदलते. मग चांगल्या उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पुढे कपॅसिटरची दिशा विसरलात तर हेच फोटो कामाला येतील. कोकणातून किंवा कोल्हापूरच्या पावसाळ्यातून आलेल्या मशीनवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते, ती अल्कोहोल आणि ब्रशने काढा. मागच्या एज कनेक्टरची, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या बोर्डाच्या कडेची, धातूची बोटंही त्यानेच पुसा. खोडरबराने घासायची सवय बऱ्याच जणांना आहे, पण त्याने मुलामा झिजतो.

वीज

मूळ अडॅप्टरवर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो नियंत्रित नसतो. काहीही जोडलेलं नसताना मल्टिमीटर लावला तर १२ किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसतात. भार आला की व्होल्टेज उतरतं, पण जुन्या अडॅप्टरात किती उतरेल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्पेक्ट्रमच्या पिनेचा मधला भाग ऋण आहे आणि बाहेरची कडा धन. आज दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे ९ व्होल्टचे अडॅप्टर बरोबर उलटे असतात, मधला भाग धन. पिन आकाराने अगदी बरोबर बसते, म्हणूनच ही चूक इतकी सहज होते. बोर्डावर उलट्या विजेपासून संरक्षण नाही.

म्हणून ९ व्होल्ट, २ अँपिअरचा नियंत्रित अडॅप्टर आणा, त्याची पिन कापा आणि ५.५ आणि २.१ मिलिमीटरची नवी पिन अशी जोडा की मधला भाग ऋण होईल. मल्टिमीटरची लाल तार बाहेरच्या कडेला आणि काळी मधल्या भागाला लावा. अधिक ९ दिसले तर बरोबर, उणे ९ दिसले तर तारा अदलाबदल करा. मग अडॅप्टरवर मोठ्या अक्षरांत ‘स्पेक्ट्रम’ असं लिहून चिकटवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तो राउटरला लावणार नाही.

फोनचा टाइप-सी चार्जर वापरायचा असेल तर ९ व्होल्टचं ट्रिगर बोर्ड मिळतं. ते चार्जरकडून ९ व्होल्ट मागून घेतं. चांगला उपाय आहे, मात्र चार्जरवर ९ व्होल्ट, २ अँपिअर छापलेलं आहे का ते आधी बघा. चार्जर ९ व्होल्ट देऊ शकत नसेल तर ट्रिगर बोर्डातून भलतंच व्होल्टेज येऊ शकतं. त्यामुळे प्रत्येक नव्या चार्जरबरोबर आधी मल्टिमीटर, मग मशीन.

आत आल्यावर या ९ व्होल्टमधून ५ व्होल्ट बनवतो तो ७८०५ रेग्युलेटर, जो एका मोठ्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेला असतो. त्याचा हिशोब सोपा आहे. समजा ०.७ अँपिअर प्रवाह आहे. ९ व्होल्ट आत आणि ५ बाहेर, म्हणजे ४ व्होल्ट गुणिले ०.७, जवळजवळ ३ वॉट नुसती उष्णता. जुना अडॅप्टर ११ व्होल्ट देत असेल तर ही उष्णता ४ वॉटच्या पुढे जाते. इंग्लंडच्या हवेत हे खपून गेलं. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या मे महिन्यात, झरोके नसलेल्या काळ्या डब्यात, ते यूएलए चिपच्या (चित्र तयार करणाऱ्या खास चिपच्या) शेजारी नको आहे.

७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल बसतं, उदाहरणार्थ ट्रेको कंपनीचं टीएसआर १-२४५०. आत ९ व्होल्ट, बाहेर ५ व्होल्ट, १ अँपिअर, आणि ते नुसतं कोमट होतं. जुना ७८०५ तीनही पाय मोकळे करून काढा, मॉड्यूल त्याच दिशेने बसवा, अॅल्युमिनियमचा पत्रा पिशवीत ठेवा. क्वचित या मॉड्यूलमुळे चित्रात बारीक तिरप्या रेषा दिसतात. तुमच्या बोर्डावर तसं झालं आणि ते खटकलं, तर जुना रेग्युलेटर परत लावा. नियंत्रित ९ व्होल्टचा अडॅप्टर एवढा एकच बदल केला तरी अर्ध्याहून जास्त काम झालेलं असतं.

तीन व्होल्टेज तपासा

इथे घाई करणारे लोक सगळ्यात जास्त मशीनं घालवतात. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत, आणि त्यांना तीन वेगवेगळे पुरवठे लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. शेवटचे दोन बोर्डावरच एका गुंडाळीने आणि टीआर४, टीआर५ या दोन ट्रान्झिस्टरांनी तयार होतात. उणे ५ गायब आणि १२ चालू, अशी अवस्था या चिपांना मारते.

वीज न लावता आधी प्रतिरोध मोजा. कोणतीही एक ४११६ निवडा. चिपवरची खाच वर धरली तर डावीकडून पहिली पिन १, खाली डावीकडे ८, खाली उजवीकडे ९ आणि वर उजवीकडे १६. पिन १६ म्हणजे जमीन (ग्राउंड). पिन १, ८ आणि ९ या तिन्हींपासून १६ पर्यंत मोजा. कुठेही शून्याच्या जवळचा आकडा दिसला तर वीज लावू नका, त्या पुरवठ्यावर शॉर्ट आहे.

सगळं ठीक असेल तर वीज लावा आणि काळी तार पिन १६ वर ठेवून मोजा. पिन ९ वर ५, पिन ८ वर १२ आणि पिन १ वर उणे ५ हवेत. पाव-अर्ध्या व्होल्टचा फरक १२ च्या बाबतीत चालतो. पिन ८ वर १२ ऐवजी आठ-नऊ व्होल्ट आणि पिन १ वर जवळजवळ शून्य दिसलं, तर १२ आणि उणे ५ तयार करणारा भाग (कन्व्हर्टर) बंद आहे. लगेच वीज काढा. बहुतेक वेळा टीआर४ गेलेला असतो, जागी झेडटीएक्स६५० बसतो. शेजारचा टीआर५, झेडटीएक्स२१३, तोही काढून तपासा. पण टीआर४ आपोआप क्वचितच जातो. शॉर्ट झालेली ४११६ किंवा वीज चालू असताना मागच्या कनेक्टरात काहीतरी तिरकं घुसवणं ही त्यामागची नेहमीची दोन कारणं. कारण न शोधता नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर नवाही जाईल.

व्होल्टेज बरोबर, पण पडद्यावर © १९८२ चा ओळखीचा संदेश न येता रंगीत चौकोन किंवा काळे-पांढरे पट्टे येत असतील, तर संशय खालच्या मेमरीवर. मिनिटभर चालू ठेवून आठही चिपांना बोट लावा. एखादी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम असेल तर ती आधी बदला, आणि बदलताना तिथे सॉकेट बसवा. आठही बदलायच्या असतील तर एकट्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या स्टॅटिक मेमरीची तयार मॉड्यूल मिळतात, मी तीच घेईन. जुन्या सामानातल्या ४१६४ चिपा दिसायला अगदी तशाच असतात, पण त्या सरळ बसवू नका. ४१६४ ला पिन ८ वर ५ व्होल्ट हवेत, या सॉकेटात तिथे १२ येतात. आणि नवं मॉड्यूल बसवलं म्हणून १२ व्होल्टचा भाग काढून टाकण्याचा विचारही करू नका. रंग तयार करणारी एलएम१८८९ चिप त्याच १२ व्होल्टवर चालते.

मशीन सुरू झालं की मेमरीचा शेवट विचारा: ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’. प्रिंटसाठी पी ही एकच कळ. पीकसाठी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून सोडा, मग ओ. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के शाबूत आहे. ३२७६७ आलं तर मशीन १६के आहे किंवा वरची मेमरी दिसत नाही. मधलाच कुठला आकडा आला तर त्याच जागेपासून पुढे मेमरीत दोष आहे.

कपॅसिटर

सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत की नाही यावर जुन्या मशीनवाल्यांत कायमचे दोन तट आहेत. माझं मत: स्पेक्ट्रममध्ये बदलावेत. ते थोडेच आहेत, स्वस्त आहेत आणि १, २२ आणि १०० मायक्रोफॅरडच्या आसपासच्या सामान्य किमतींचे आहेत. मात्र मशीन एकदा चालतं करून झाल्यावर बदला, आधी नाही. आधी बदलले आणि नंतर मशीन चाललं नाही, तर दोष जुना की तुमच्या हातचा हे कळत नाही.

१०५ अंशांचे घ्या. व्होल्टची मर्यादा मूळ इतकी किंवा जास्त, कमी कधीच नाही. मूळ कपॅसिटर दोन टोकांना पाय असलेले, आडवे आहेत. तसे मिळाले नाहीत तर उभे घ्या आणि लांब पायावर प्लास्टिकची नळी चढवून आडवे झोपवा. एका वेळी एकच काढा आणि लगेच त्या जागी नवा लावा. दिशेसाठी बोर्डावरच्या छपाईवर एकट्यावर विसंबू नका. फोटो बघा आणि शंका आली तर कोणता पाय जमिनीला जोडला आहे ते मल्टिमीटरने पाहा.

चित्र

मूळ स्पेक्ट्रम टीव्हीला अँटेनाच्या वाटेने, यूएचएफच्या ३६ व्या वाहिनीवर चित्र पाठवतो. आजच्या टीव्हीवर अॅनालॉग वाहिनी शोधण्याची सोय असली तरी चित्र खरखरीत येतं. कंपोझिट व्हिडिओ (एकाच तारेतून जाणारा थेट चित्रसंकेत) मात्र बोर्डावर तयारच असतो, तो फक्त मॉड्युलेटरच्या, म्हणजे त्याला अँटेनाच्या संकेतात बदलणाऱ्या चंदेरी डबीत शिरण्याआधी वळवायचा आहे. सगळ्या बदलांत कष्टांच्या मानाने सर्वांत जास्त फळ देणारा बदल हाच.

समोरून पाहिलं तर डबी मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे. बोर्डावरून तिच्यात दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. कोणती कोणती हे वीज लावून मोजा: जिच्यावर स्थिर ५ दिसतील ती पुरवठ्याची. वीज काढून दोन्ही बोर्डावरून मोकळ्या करा आणि ५ व्होल्टच्या तारेवर इन्सुलेशनची नळी चढवा. डबीचं वरचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं, ते उचला. आत टीव्हीच्या गोल सॉकेटच्या मधल्या टोकाला एक छोटा रेझिस्टर जोडलेला दिसेल, त्याचा तेवढाच पाय डीसोल्डर करा आणि वाकवून बाजूला ठेवा. आता बोर्डावर व्हिडिओची तार जिथे होती, तिथून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट सॉकेटच्या मधल्या टोकाला. धन पाय बोर्डाच्या बाजूला. झाकण लावा.

सॉकेट तोच, केसही तशीच. आता त्यात साधी पिवळी आरसीए तार लावून टीव्हीच्या एव्ही इनपुटला द्या. नव्या एलईडी टीव्हींना पिवळं सॉकेट नसतं, ३.५ मिलिमीटरची एव्ही जॅक असते आणि तिची तार कंपनीगणिक वेगळी. चित्र आलं नाही, फक्त घरघर ऐकू आली, तर पिवळ्याऐवजी लाल किंवा पांढरी पिन लावून बघा. व्हिडिओ दुसऱ्याच कड्यावर असू शकतो. काही टीव्हींना थेट संकेत जड जातो आणि उजळ भागांत चित्र हलतं. अशा वेळी कपॅसिटरच्या आधी एका ट्रान्झिस्टरचा बफर घाला. बीसी५४७ एमिटर फॉलोअर म्हणून जोडला की पुरतो.

काळं-पांढरं चित्र आलं तर टीव्हीची व्हिडिओ प्रणाली ‘पाल’ वर ठेवा. ती ‘ऑटो’वर असली की स्पेक्ट्रमला कधीकधी नीट ओळखत नाही. इश्यू २ च्या बोर्डावर रंगासाठी फिरवायचे छोटे ट्रिमर आहेत. त्यांना हात लावण्याआधी त्यांची मूळ जागा पेनाने खूण करून ठेवा.

एचडीएमआय हवं असेल तर साध्या एव्ही-टू-एचडीएमआय डबीने कामचलाऊ चित्र मिळतं. स्पेक्ट्रमचं चित्र सेकंदाला ५०.०८ वेळा आणि इंटरलेस न करता, म्हणजे एकाआड एक ओळी न पाठवता, येतं. स्वस्त डब्या त्याला इंटरलेस समजून ओळी विस्कटतात, आणि खेळातली हालचाल अडखळते. रेट्रोटिंकसारखी जुन्या मशीनसाठीच बनवलेली डबी महाग असते, पण चित्र निवांत होतं. आवाजाची चिंता नको, ४८के चा आवाज मशीनच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

रबरी मॉडेलला रीसेट बटण नाही, त्यामुळे दर वेळी पिन ओढून मशीन बंद करावं लागतं आणि पॉवरचं सॉकेट ढिलं होतं. झेड८० या मुख्य प्रोसेसरच्या पिन २६ आणि जमीन यांच्यात एक दाबायचं बटण बसवलं की झालं. त्याची तार एज कनेक्टरच्या मोकळ्या फटीतून बाहेर काढा. पुढे कार्डाचं इंटरफेस घेणार असाल तर हेही सोडून द्या, त्यावर रीसेट असतंच.

टेपऐवजी फोन

कुठलंही नवं यंत्र न घेता आजच खेळ चढवता येतो. टीएपी किंवा टीझेडएक्स फायलींमधून (या कॅसेटवरच्या प्रोग्रॅमच्या डिजिटल प्रती) आवाज तयार करणारी अॅप आहेत. किंवा संगणकावर डब्ल्यूएव्ही बनवून फोनवर घ्या. फोनच्या हेडफोन जॅकमधून तार स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटला. ते सॉकेट मोनो आहे, स्टिरिओ पिन लावली की एक वाहिनी जमिनीला चिकटते, म्हणून फक्त डावी वाहिनी जोडलेली तार बनवून घ्या. ध्वनी पूर्ण, इक्वलायझर बंद, सूचना बंद. मध्येच व्हॉट्सअॅपची टिणटिण झाली की चार मिनिटांचं लोडिंग वाया.

जे दाबून लोड येतं, मग सिम्बॉल शिफ्ट आणि पी दोनदा, एंटर. कडेला लाल-निळसर जाड पट्टे म्हणजे सुरुवातीचा सूर पोचला, निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती येते आहे. पट्टे दिसतात पण ‘टेप लोडिंग एरर’ येते, तर बहुतेक आवाज कमी पडतोय. नव्या फोनांना जॅकच नसतो आणि टाइप-सीचे काही अडॅप्टर फारच हळू आवाज देतात. अशा वेळी मध्ये छोटा हेडफोन अँप्लिफायर घाला. ब्लूटूथ इथे उपयोगाचं नाही, कारण त्याचं ध्वनी-संकोचन पट्ट्यांच्या कडा पुसून टाकतं.

याच्या उलट दिशेचं काम जास्त महत्त्वाचं आहे. विकत घेतलेले बहुतेक खेळ आज कुठे ना कुठे जपलेले आहेत. पण १९८८-९० मध्ये पुण्यात, ठाण्यात, पणजीत एखाद्या नववीतल्या मुलाने लिहिलेला बेसिक प्रोग्रॅम, शाळेच्या गुणांचा तक्ता, मराठी अक्षरं पडद्यावर काढण्यासाठी केलेली खटपट, हे फक्त त्या एका कॅसेटवर आहे. मशीन दुरुस्त करण्याआधीसुद्धा ती वाचवता येते.

कॅसेट खिडकीतून बघा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. तशी वाजवू नका, हेड खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. कोरड्या हवेत ठेवून, हाताने सावकाश गुंडाळत, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने फीत पुसावी लागते. चांगली कॅसेट असेल तर टेपरेकॉर्डरचा हेड अल्कोहोलने पुसा आणि हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण कुठे होतो ते कानाने ठरवा. दर कॅसेटला ही जागा थोडी बदलते, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली असते. संगणकात ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, डब्ल्यूएव्हीत भरा. एमपी३ नको. दोन्ही बाजू पूर्ण भरा, मधली शांतता कापू नका, आणि कव्हरवर पेनाने लिहिलेले काउंटरचे आकडे फोटोत घ्या. मग त्या डब्ल्यूएव्हीतून टीएपी काढायचा प्रयत्न सावकाश करता येतो.

एसडी कार्ड

रोज वापरायचं असेल तर मागच्या कनेक्टरात डिव्हएमएमसी जातीचं इंटरफेस बसवा. त्याचा आराखडा खुला असल्याने वेगवेगळे लोक ते बनवतात. आत ईएसएक्सडॉस नावाची प्रणाली असते. एसडी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि ईएसएक्सडॉसच्या संचातले बिन, सिस आणि टीएमपी हे फोल्डर कार्डाच्या मुळाशी टाका. इंटरफेसच्या रॉममधली आवृत्ती आणि कार्डावरची आवृत्ती एकच हवी. वेगळी असली की मशीन सुरू होताच तक्रार करतं. नव्या मालकांची निम्मी डोकेदुखी हीच असते. मग इंटरफेसवरचं एनएमआयचं बटण दाबलं की फायलींची यादी येते, टीएपी, झेड८० आणि एसएनए प्रकारच्या फायली तिथूनच उघडतात.

इंटरफेस लावताना-काढताना वीज बंद, अपवाद नाही. या कनेक्टरावर ९ आणि १२ व्होल्टच्या रेघा संकेतांच्या शेजारीच आहेत. इंटरफेस अर्धा बोटभर सरकला तरी टीआर४ आणि मेमरी पुन्हा तुमच्या टेबलावर येतील. इंटरफेसच्या सॉकेटात खाचेची अडसर पट्टी आहे का ते खरेदीपूर्वी विचारा. ती नसेल तर घेऊ नका. आणि मशीन टेबलाच्या कडेला ठेवून मागे लोंबकळतं इंटरफेस ठेवू नका, कळा दाबताना ते हलतं.

स्पेक्ट्रम नसेल तर

क्रम तोच, धोका वेगळा. सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून १९८४ पासून शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोची वीजपेटी आतच असते. तिच्यातले पारदर्शक पिवळट, रिफा कंपनीचे कपॅसिटर भेगाळलेले असतात आणि दहा-पंधरा मिनिटांत धूर सोडून फुटतात. ते आधी बदला, पण त्या पेटीत २३० व्होल्ट असतात. सवय नसेल तर जाणत्याकडून करून घ्या. कमोडोर ६४ चा मूळ विटेसारखा अडॅप्टर बिघडला की ५ च्या जागी जास्त व्होल्ट देतो आणि मेमरी जाळतो. तो फेकू नका, पण लावूही नका, नवा घ्या. अमिगा ५०० प्लस असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजच झाकण उघडा. बोर्डावरची वार्ता कंपनीची निकेल-कॅडमियम बॅटरी कापून काढा, आणि तिच्याभोवती हिरवं दिसलं तर आधी विरळ व्हिनेगरने, मग पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा.